हाकेच्या अंतरावर

बुर्‌हानुद्दीन मरगीनानी हे बाराव्या शतकातले मोठे फकीह, म्हणजे इस्लामी कायद्याचे जाणकार. आजच्या उझबेकिस्तानातल्या फरगणा खोऱ्यात मरगीनान नावाचं गाव आहे, तिथले ते. फरगणा म्हटलं की आपल्याला बाबर आठवतो. पण बाबराच्या जन्माच्या जवळजवळ तीनशे वर्षं आधी, 1197 साली, मरगीनानी हे जग सोडून गेले होते आणि त्यांचा 'हिदाया' हा ग्रंथ हनफी जगात पसरायला लागला होता. आजही आपल्या मदरशांमधून तो शिकवला जातो.

त्यातला एक मसला मला अनेक वर्षांपासून खुणावतो. एका माणसाने दुसऱ्यावर तलवार उपसली. रात्र असो वा दिवस, शहर असो वा रान, समोरच्याने जीव वाचवण्यासाठी त्याला ठार केलं तर त्याच्यावर खुनाचा दोष येत नाही. पण उगारलेली वस्तू तलवार नसून काठी असेल तर? मग आधी दोन गोष्टी विचारायच्या. वेळ कोणती होती आणि जागा कोणती होती? रात्री उगारली असेल, किंवा दिवसाच पण वस्तीबाहेरच्या वाटेवर उगारली असेल, तर ती तलवारीसारखीच धरायची. भर दिवसा शहरात उगारली असेल आणि तुम्ही त्या माणसाला जिवानिशी मारलं, तर मात्र तुम्ही खुनी.

हा भेद कशासाठी? मरगीनानींचं कारण साधं आहे. काठीने माणूस एका घावात मरत नाही, थोडी सवड मिळते. तेवढ्या सवडीत हाक मारली तर दिवसाउजेडी शहरात कोणीतरी धावून येतं. रात्री येत नाही आणि गावाबाहेर तर दिवसाही येत नाही. बचाव करणाऱ्याला किती मोकळीक द्यायची, हे त्याच्या रागावर किंवा जमिनीच्या किमतीवर ठरत नाही. मदत हाकेच्या अंतरावर होती की नव्हती, यावर ते ठरतं.

शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. शेत म्हणजे गावाबाहेरची जागा. तिथे घुसणाऱ्याच्या हातात तलवार क्वचितच असते. असतो तो कोयता, कुऱ्हाड, विळा, नाहीतर पहार. ही सगळी कामाची अवजारं आहेत, म्हणजे सकाळी ऊस तोडणारी वस्तूच संध्याकाळी हत्यार होते. बीड जिल्ह्यात माझं आजोळ आहे. तिथे बांधावरच्या भांडणात कोणी कोयता घेऊन आला, ही बातमी वर्षातून दोन-चार वेळा तरी ऐकू येते. बांध कोरला, वाट अडवली, पाट फोडला, झाड तोडलं, कारणं ठरलेली असतात. माणसंही बहुधा परकी नसतात. चुलतभाऊ, शेजारी, कधी कधी सख्खा भाऊसुद्धा.

फिकहमध्ये अशा चाल करून आलेल्या माणसासाठी 'साइल' हा शब्द आहे. उर्दू शिकवताना या शब्दाशी माझी नेहमी गाठ पडते. कारण आपल्या तोंडी दोन वेगळे शब्द अगदी एकसारखे होतात. एक 'साद' अक्षराने लिहिला जाणारा साइल, म्हणजे हल्ला करणारा. दुसरा 'सीन'ने लिहिला जाणारा साइल, म्हणजे काहीतरी मागायला आलेला, याचक. अरबी कानाला फरक कळतो, आपल्याला तो लिहिल्याशिवाय दिसत नाही. मुलं श्रुतलेखनात हमखास चुकतात. अंधारात बांधावर उभी असलेली सावली कोणत्या साइलची आहे, हे ओळखणंही काही सोपं नसतं.

मागायला आलेल्याला हल्लेखोर समजण्याची घटना हदीसमध्ये आहे. अबू दाऊद आणि इब्न माजा, दोघांच्याही संग्रहांत ती येते. दुष्काळाचं साल होतं. अब्बाद बिन शुरहबील नावाचा एक भुकेला माणूस मदिनेच्या एका मळ्यात शिरला. त्याने कणसं चोळून दाणे खाल्ले, थोडे कपड्यात बांधून घेतले. तेवढ्यात मालक आला. त्याने अब्बादला मारलं आणि त्याचं कापड हिसकावून घेतलं. अब्बाद प्रेषित मुहंमद (स.) यांच्याकडे गेला. प्रेषितांनी मालकालाच बोलावून विचारलं, की हा अजाण होता तर तू त्याला शिकवलं नाहीस, आणि भुकेला होता तर खाऊ घातलं नाहीस. मालकाला कापड परत करावं लागलं आणि वर अब्बादला धान्यही देण्यात आलं. मळा मालकाचाच होता आणि अब्बाद विनापरवाना शिरला होता, यावर वाद नव्हता. तरीही मार देण्याचा हक्क आपोआप निर्माण झाला नाही.

आता हातात हत्यार असलेला, डोक्यात राग भरलेला साइल घेऊ. इथे आपल्या लोकांच्या ओठांवर एक हदीस लगेच येते. आपल्या मालाचं रक्षण करताना जो मारला गेला तो शहीद. हदीस खरी आहे, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. पण नसाईंच्या संग्रहात याच विषयावरची दुसरी एक हदीस आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. एका माणसाने विचारलं, की कोणी माझा माल लुटायला आला तर मी काय करू? उत्तर मिळालं, त्याला अल्लाहची आठवण करून दे. नाही ऐकलं तर? आसपासच्या लोकांची मदत घे. आसपास कोणी नसेल तर? हाकिमाकडे दाद माग. हाकिमही दूर असेल तर? मग लढ. म्हणजे लढण्याची पायरी चौथी आहे. पहिली बोलण्याची, दुसरी हाकेची, तिसरी सरकारची.

शाफई मजहबने तर याहून बारीक पायऱ्या पाडल्या. कोकणातले आपले बहुतेक मुसलमान शाफई आहेत, त्यांच्याकडे इमाम नववी यांच्या 'मिन्हाज'ला मोठा मान. तेराव्या शतकातला हा ग्रंथ म्हणतो की हल्लेखोराला शक्य तेवढ्या हलक्या उपायाने परतवावं. शब्दाने भागत असेल तर हात उचलू नये, हाताने भागत असेल तर काठी नको, काठीने भागत असेल तर शस्त्र नको. पुढे दोन गोष्टी आहेत आणि त्या ऐकून आमच्याकडची मिशीवाली मंडळी नाराज होतात. एक, पळून जाणं शक्य असेल तर पळून जाणं वाजिब, म्हणजे बंधनकारक. दोन, मालाचं रक्षण करायला परवानगी आहे, पण तो फर्ज नाही. शेतातलं पीक सोडून जीव घेऊन घरी आलेला माणूस गुन्हेगारही नाही आणि बुजदिलही नाही.

यात फक्त मुस्लिम फकीहांचीच शहाणीव होती असं मला म्हणायचं नाही. धर्मशास्त्रात 'आततायी' नावाची एक यादी आहे. वसिष्ठ धर्मसूत्रात सहा जण मोजले आहेत, त्यांत हातात शस्त्र घेऊन आलेला आहे आणि दुसऱ्याचं शेत बळकावणाराही आहे. आततायीला मारण्यात दोष किती, प्रायश्चित्त कोणतं, तो ब्राह्मण असेल तर काय, यावर भाष्यकार शतकानुशतकं वाद घालत राहिले. 'मिताक्षरा' लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने हा प्रश्न चांगलाच घोळवला आहे. तो कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारातला, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणचा. आपल्या दख्खनचाच माणूस.

गेल्या पावसाळ्यात एक बाई माझ्याकडे दोन कागद घेऊन आल्या. त्यांचा मुलगा माझा जुना विद्यार्थी, सध्या खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात आहे. एक कागद मराठीतल्या दोषारोपपत्राची झेरॉक्स, दुसरं कोणीतरी हातात ठेवलेलं उर्दू पत्रक. "सर, तुमको दोनो पढने आते. पढ के बोलो, मेरा बच्चा खूनी है क्या?" दोन्ही भाषा वाचणारा म्हणून असले कागद माझ्याकडे येतातच. फतवे, खरेदीखतं, नोटिसा, जुनी मोडीतली कागदपत्रंसुद्धा. मोडी मला येत नाही हे लोकांना पटत नाही.

पत्रकात ती शहीदवाली हदीस ठळक अक्षरांत होती. तिच्या आजूबाजूला काही नव्हतं. दोषारोपपत्रात जे होतं ते असं. दुपारी भाऊबंदांपैकी एक जण शिव्या देत कोयता घेऊन बांध ओलांडून आत आला. माझा विद्यार्थी एकटा होता. झटापट झाली, कोयता त्याच्या हाती लागला. आलेला माणूस उलट फिरून पळायला लागला, आणि वार त्याच्या पाठीवर झाले. दोन वार. दोघेही मुसलमान, दोघांचे पणजोबा एक. आईचं म्हणणं, हत्यार घेऊन तो आला होता, माझ्या पोराच्या शेतात आला होता. हे पोलिसांनीही नाकारलेलं नाही. सगळा खटला त्या पाठीवर अडलाय.

आणि इथे 'हिदाया'तला पुढचा मसला येतो. एकाने शस्त्र उपसलं, वार केला आणि मग तो माघारी वळला. त्यानंतर दुसऱ्याने त्याला ठार मारलं, तर मारणाऱ्यावर किसास, म्हणजे जिवाच्या बदल्यात जीव. कारण? तो हल्ला करत होता तोवर त्याच्या रक्ताचं संरक्षण उठलेलं होतं. तो वळला, थांबला, त्या क्षणी ते परत आलं. मी हे त्या बाईंना एकदम सांगितलं नाही. आधी चहा केला. मग वकील कोण आहे, तारीख कधी आहे ते विचारलं. मसला नंतर सांगितला, कारण पत्रकाच्या भरवशावर राहून त्यांनी चांगला वकील शोधायचं टाळलं असतं.

आपल्या मुलखात हे ग्रंथ कितपत चालत होते, हा वेगळा विषय आहे. दख्खनमध्ये आदिलशाही-निजामशाहीपासून थेट पेशवाईपर्यंत जमिनीचे, वतनाचे, शिवेचे तंटे बहुतेक गोतसभेपुढे जात. निवाड्याचा कागद म्हणजे महजर. त्यावर देशमुख, देशपांडे यांच्याबरोबर काझीची मोहोर असे, पाटलाची निशाणी म्हणून नांगर काढलेला असे. 'महजर' हा अरबी शब्द, 'हाजिर'च्याच घरातला. जमलेल्यांच्या समक्ष झालेलं, असा त्याचा अर्थ. भांडण बांधावर असताना गावाला हाक घालायची आणि निवाडा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करायचा, ही पद्धत त्या शब्दातच आहे. तिचं उगीच कौतुक करायला नको. गोतसभेत बसणारे वतनदार होते आणि ज्याला वतन नाही त्याचा आवाज तिथे किती पोचत असेल, हे सांगायला नकोच.

बंगालमध्ये मात्र 'हिदाया' थेट इंग्रजांच्या कचेरीत पोचला. कंपनी सरकारने तिथे फौजदारी कायदा म्हणून मुस्लिम कायदाच चालू ठेवला होता. वॉरन हेस्टिंग्जने मौलवींकडून 'हिदाया'चं फारसी भाषांतर करवून घेतलं आणि त्यावरून चार्ल्स हॅमिल्टनने केलेलं इंग्रजी भाषांतर 1791 साली लंडनला छापलं गेलं. त्याच्या आदल्याच वर्षी कॉर्नवॉलिसने एक दुरुस्ती केली होती. खून ठरवताना इमाम अबू हनीफा यांच्या मताप्रमाणे हत्यार कोणतं होतं याला महत्त्व होतं, त्यांचे शिष्य अबू युसूफ आणि मुहंमद यांचं मत वेगळं होतं. कॉर्नवॉलिसने शिष्यांचं मत लागू केलं. म्हणजे काठी की तलवार, हा फरगण्यातला वाद कलकत्त्यात सरकारी नियम होऊन बसला. आपल्या मुंबई इलाख्यात हे प्रकरण लवकर आटोपलं. एल्फिन्स्टनच्या 1827 च्या कायदेसंग्रहाने इथे स्वतंत्र फौजदारी कायदा आणला.

मग आला मेकॉले. 1837 साली त्याने दंडसंहितेचा मसुदा सरकारला दिला. त्याला जोडलेल्या टिपणात खाजगी बचावाच्या हक्कावर तो बराच लिहितो. इथले लोक अन्याय फार मुकाट सोसतात, तेव्हा त्यांचा हा हक्क आखडता ठेवू नये, असा त्याचा सूर आहे. त्यात गोऱ्या साहेबाचा ताठा आहेच. शिवाय हा कायद्याचा असा भाग आहे की तो कधीच पुरता काटेकोर होणार नाही, अशी कबुलीही त्याने दिली. कायदा व्हायला 1860 साल उजाडलं आणि अमलात यायला 1862 चा जानेवारी. कलमं 96 ते 106. दीडशेहून अधिक वर्षं तीच चालली. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात तीच कलमं थोड्या फरकाने 34 ते 44 या आकड्यांखाली आहेत.

ही कलमं शेतावर आणून ठेवली की काय दिसतं? परवानगीशिवाय, त्रास द्यायच्या इराद्याने शेतात शिरणं हा गुन्हा आहेच. पण तो लहान गुन्हा आहे, जुन्या कायद्यात त्याला तीन महिन्यांपर्यंतची कैद होती आणि आजही तेवढीच आहे. त्या माणसाला बाहेर काढण्यासाठी तुम्ही बळ वापरू शकता, त्याचा जीव घेऊ शकत नाही. मालमत्तेसाठी जीव घेण्यापर्यंत जाण्याची मुभा कायदा मोजक्या प्रसंगी देतो. जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला लावलेली आग वगैरे. उघड्या शेतातली नुसती घुसखोरी त्या यादीत नाही. शेतात राहतं खोपट असेल तर गोष्ट बदलते, कारण माणूस राहतो ते कायद्याच्या लेखी घर.

पण त्याच माणसाने कोयता तुमच्यावर उगारला की दुसराच हक्क जागा होतो, शरीराच्या बचावाचा. मरणाची किंवा भयंकर दुखापतीची रास्त भीती वाटली तर इथे शेवटपर्यंत जाता येतं. लोक नेमका हाच घोटाळा करतात. 'माझ्या शेतात आला होता' हे वाक्य ते दहादा सांगतात. 'माझ्यावर उगारला होता, आणि त्या क्षणी उगारलेलाच होता' हे सांगायचं राहून जातं. न्यायालयाला दुसरं वाक्य हवं असतं.

आणि मग कलम 99, आताचं 37. सरकारी संरक्षण मागायला वेळ असेल तर हा हक्कच नाही, आणि असेल तेव्हा गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. मेकॉलेने हे 'हिदाया'वरून उचललं असं मी म्हणणार नाही, त्याच्यासमोर इंग्लंडचा कायदा होता. पण मदत किती लांब आहे, हा प्रश्न दोघांनाही टाळता आला नाही. एकाने शहर आणि रान, दिवस आणि रात्र अशी मोजणी केली, दुसऱ्याने पोलीस ठाण्याची.

हे सगळं वाचताना मला माझे मामू दिसतात. आठवडा रात्रीच्या लाइटचा होता. रात्री दोनला मोटर सुरू व्हायची, म्हणून ते कांद्याला दारं धरायला एकटेच गेले होते. शेजारचा माणूस पिऊन, कोयता घेऊन बांधावर आला आणि पाट माझ्या हद्दीतून नेलास म्हणून ओरडायला लागला. 'हिदाया'चा मसला जसाच्या तसा. रात्र, रान आणि सर्वांत जवळची वस्ती दीड किलोमीटरवर. मामूंच्या हातात खोरं होतं आणि अंगाने ते त्या माणसाच्या दुप्पट. त्यांनी बॅटरी त्याच्या तोंडावर न धरता जमिनीवर धरली, त्याला नावाने हाक मारली, "घे बाबा, आजचं पाणी तू घे" म्हणाले आणि पावलापावलाने मागे सरकत विहिरीच्या बाजूने निघून आले. त्याने पाट फोडला. पाणी रात्रभर वाया गेलं, दोन वाफे वाहून गेले. सकाळी मामूंनी पोलीस पाटलाला घेऊन शेत दाखवलं आणि मग ठाण्यात तक्रार दिली. गावात काही दिवस त्यांची टिंगल झाली. मामूंना 'मिन्हाज' माहीत नव्हता, ते हनफी, आणि नमाजपुरतं अरबी सोडलं तर निरक्षर. बॅटरी खाली का धरली असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आँखों पे मारा तो और भडकता ना."

घाबरलेल्या माणसाने प्रत्येक वेळी मामूंसारखं वागावं, अशी अपेक्षा कायदा करत नाही. पळून जाणं बंधनकारक असल्याचं आपली न्यायालयं मानत नाहीत, तिथे ती शाफईंपेक्षा सैल आहेत. 1952 सालचा कटनीचा खटला मुसलमान वाचकांनी तरी माहीत करून घ्यावा असा आहे. 1950 च्या मार्चमध्ये तिथे दंगल झाली. जमावाने एका मुस्लिम दुकानदाराच्या भावाचं शेजारचं दुकान लुटलं आणि याच्या दारावर लाठ्या बसू लागल्या. आत कुटुंब होतं. त्याने बंदूक चालवली, एक माणूस मेला. खालच्या न्यायालयांनी शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. निकाल न्यायमूर्ती विवियन बोस यांचा, जे त्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. अशा घडीला माणसाला सोन्याच्या काट्यावर तोलून-मापून वागता येत नाही आणि जमाव आधी दार तोडू दे, कुटुंबावर तुटून पडू दे, मग बघू, असं थांबायला त्याला सांगता येत नाही, हा त्या निकालाचा आशय. फाळणीच्या जखमा ओल्या असतानाचा हा निकाल आहे. हल्ली जे वातावरण आहे त्यात मला तो पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो.

आता त्याच्या शेजारी 1962 चा निकाल ठेवा. पंजाबातल्या एका शेताच्या ताब्यावरून दोन गट भिडले होते, गोळ्या चालल्या, माणसं मेली. निकाल लिहिला न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी, मूळचे साताऱ्याचे, पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले. शेत ताब्यात असलेल्या बाजूला सुरुवातीला बचावाचा हक्क होता, हे त्यांनी मान्य केलं. पण समोरचे लोक पळू लागले तिथे धोका संपला आणि धोक्याबरोबर हक्कही संपला. त्यानंतर लांबवर पळणाऱ्यांवर झाडलेल्या गोळ्या बचाव म्हणून मोजता येत नाहीत. हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मरगीनानींचा 'माघारी वळलेला' माणूसच डोळ्यांसमोर आला. साडेसातशे वर्षांचं अंतर, कायदा वेगळा, भाषा वेगळी, आणि दोघांची नजर मात्र त्याच पाठीवर.

आणखी एक गुंता आहे, तो म्हणजे घुसखोर कोण, हेच मुळात ठरलेलं नसतं. बांधाच्या दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांना घुसखोर म्हणतात. एकाकडे सातबारा असतो, दुसरा वीस वर्षं कसत असतो. कधी जमीन वक्फची असते आणि तिसराच कोणी पेरून बसलेला असतो. 1975 साली न्यायमूर्ती सय्यद मुर्तझा फजल अली यांनी पंजाबच्याच एका खटल्यात याची कसोटी घालून दिली. ताबा नुसता काल रात्री घुसून घेतलेला नको, तो पुरेशा काळाचा, मालकाला माहीत असलेला, स्थिरावलेला हवा. शेतजमिनीत तो कसा ओळखायचा? ताबा घेतल्यावर त्या माणसाने पीक घेतलं होतं का, ते पाहायचं. पीक घेतलं असेल तर खऱ्या मालकालाही ते उद्ध्वस्त करून बळाने जमीन परत घेता येत नाही. त्याने न्यायालयात जावं. हे वाचून जमीनमालक चिडतात. कसणाऱ्यांना मात्र धीर येतो. मला स्वतःला ही कसोटी पटते, कारण ती मालकाच्या हातातला कोयताही तितक्याच ठामपणे खाली ठेवायला लावते.

मग मालकाने जायचं कुठे? लोकांना दिवाणी दावा म्हटलं की नातवंडं दिसायला लागतात. पण जवळची दारंही आहेत. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 सालचा आहे. शेतातून बेकायदा बाहेर काढलं, वाट अडवली, पाणी अडवलं तर तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत दावा करता येतो. सहा महिने, हे विसरू नका. माझ्या माहितीतली निम्मी माणसं सातव्या महिन्यात जागी होतात. जमिनीवरून मारामारी होण्याची चिन्हं असतील तर कार्यकारी दंडाधिकारी कोणाचा प्रत्यक्ष ताबा आहे तेवढंच बघून तोवर शांतता राखायला लावू शकतात. जुनं कलम 145, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 164. ताब्याचा पुरावा म्हणून पीक पाहणीची नोंद कामाला येते. ती आता मोबाइलवरून शेतकऱ्याने स्वतःच करायची असते आणि आमच्याकडे ती पुष्कळ जण करत नाहीत, कारण रानात रेंज येत नाही, नाहीतर फोन पोराकडे असतो.

त्या बाईंना मी हे सगळं एका वहीत क्रमाने लिहून दिलंय. वरच्या बाजूला मराठीत, खाली उर्दूत. वकिलाने विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही. पहिला आणि दुसरा वार यांच्यामध्ये तो माणूस किती पावलं पळाला होता? शेत तेव्हा नांगरलेलं होतं. पंचनाम्यात पावलांचे ठसे आहेत, अंतर लिहिलेलं नाही.